शातो दिकेम १९८८: गोधडीत गुंडाळलेली छोटी बाटली उघडावी का?

निगडीकर_लेक (३ नोव्हेंबर, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. वाइनमधलं मला काही कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

बाबा भोसरीत एका कारखान्यात मशिन उभारणीचं काम बघायचे. १९९५ साली तिथे फ्रान्सहून एक इंजिनियर पाच महिने येऊन राहिले होते. हॉटेलचं जेवण सोसेना, म्हणून दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. आईच्या हातची कोथिंबीर वडी त्यांना इतकी आवडली की जाताना कृती लिहून घेऊन गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी बाबांसाठी एक छोटी बाटली पाठवली, ३७५ मिलीची. साय रंगाचं लेबल, वर सोनेरी मुकुट, खाली शातो दिकेम, लुर-सालूस आणि १९८८. सोबत चिठ्ठी होती: 'माझ्या गावाजवळची आहे. मोठ्या दिवसासाठी ठेवा.'

बाबांनी ते शब्दशः मनावर घेतलं. माझी दहावी झाली, लग्न झालं, नातू झाला, तरी 'हा दिवस नव्हे' म्हणत ती कपाटातच राहिली. आईने जुन्या सुती साडीत गुंडाळून गोधड्यांच्या मधे आडवी ठेवली होती. मधे एकदा घर बदललं, तेव्हा रिक्षात मांडीवर घेऊन आणली.

येत्या २८ तारखेला आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. काल बाबा आपणहून म्हणाले, 'आता उघडू या.' माझे प्रश्न असे:

पुण्याच्या उन्हाळ्यात जवळजवळ तीस वर्षं राहून ती खराब झाली असेल का? सगळ्यांसमोर उघडली आणि व्हिनेगर निघालं, तर बाबांना फार वाईट वाटेल. दुसरं, तिच्याबरोबर खायला काय करू? आणि ही नक्की काय चीज आहे? नेटवर किमती पाहून छातीत धस्स झालं.

---

तळघर (३ नोव्हेंबर, रात्री १०.१५)

ताई, आधी एक श्वास घ्या. तुमच्याकडे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली सगळ्यात नावाजलेली गोड वाइन आहे, आणि १९८८ हे तिचं फार चांगलं साल. ८८, ८९, ९० अशी ओळीने तीन वर्षं तिथे सोनं पिकलं होतं.

तुमची बाटली तांबडी वाइन असती तर मी आशा सोडा म्हटलं असतं. बोर्दोजवळच्या सोतेर्न भागातल्या, म्हणजे दिकेमसारख्या गोड वाइनचं तसं नाही. भरपूर साखर, पुरेसं आम्ल आणि १३-१४ टक्के अल्कोहोल, या तिघांमुळे ती टिकते. चांगल्या तळघरातली दिकेम शंभर वर्षांनीही पिता येते. पुण्याचं कपाट म्हणजे तळघर नव्हे, तेव्हा काही ना काही नुकसान झालं असणारच. पण गोधड्यांनी उष्णतेचे चढउतार थोपवले असतील, आणि आडवी ठेवल्यामुळे बूच ओलं राहिलं असेल. आईंना माझा नमस्कार सांगा.

दोन गोष्टी बघून सांगा. बाटलीत पातळी कुठे आहे, मानेत की खांद्याच्या खाली? आणि उजेडापुढे धरल्यावर रंग कसा दिसतो?

---

रानवारा (३ नोव्हेंबर, रात्री १०.३१)

ही तीच ना, सडक्या द्राक्षांची करतात ती?

---

तळघर (३ नोव्हेंबर, रात्री १०.३३)

तीच.

---

निगडीकर_लेक (४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५)

बघितलं. पातळी मानेच्या खाली, खांद्याला टेकलेली आहे. रंग कोऱ्या चहासारखा, खिडकीपाशी धरली की कडेला केशरी झाक दिसते. बुचाच्या कडेने वेष्टण थोडं चिकट लागतंय.

सडकी द्राक्षं?? हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.

---

तळघर (४ नोव्हेंबर, सकाळी ८.५०)

पातळी खांद्याला म्हणजे थोडी उडाली किंवा पाझरली आहे, पण आशा आहे. रंग वयाला धरून आहे. नवी दिकेम फिकट सोनेरी असते, वर्षं जातील तशी ती तांबूस होत जाते.

---

गोदाकाठ (४ नोव्हेंबर, दुपारी २.१०)

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षवाला. सडकी द्राक्षं वाचून राहवलं नाही.

सध्या आमच्याकडे काय चाललंय ते सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात येतेय आणि परवापासून ढग आहेत. पहाटे चारला उठून पानाची मागची बाजू बॅटरीने बघतोय. डावणी रोगाचा एक पांढरा ठिपका दिसला की पोटात गोळा येतो. पुढे घडात पाणी साचलं की घडकुज, मण्याला तडा गेला की त्यात बुरशी, आणि एक मणी गेला की शेजारचे दहा घेऊन जातो. बुरशी या शब्दावर आमचा अर्धा हंगामाचा खर्च होतो. आणि तिकडे लोक बुरशी यावी म्हणून वाट बघत बसतात, हे मला खरंच समजून घ्यायचंय. कुणी जाणकार सविस्तर लिहील का? ती बुरशी कोणती? घड सडून खाली कसा गळत नाही?

---

गारोनची_पाहुणी (५ नोव्हेंबर, पहाटे १.२०)

गोदाकाठ दादा, मी अकरा वर्षं बोर्दोत राहतेय. सोतेर्न इथून आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. या दिवसांत तिकडे जाणं माझा नेम आहे, म्हणून लिहिते.

त्या बुरशीचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. तुमच्या घडकुजीतही ती सापडेल. चमत्कार बुरशीत नाही, हवेत आहे. सिरों नावाची एक छोटी नदी दाट झाडीच्या सावलीतून वाहत येते, तिचं पाणी थंडगार. ती गारोन या मोठ्या नदीला मिळते, गारोनचं पाणी तिच्या मानाने कोमट. शरद ऋतूत या दोन पाण्यांमुळे रात्री धुकं धरतं आणि सकाळी सगळ्या मळ्यांवर पसरतं. त्या ओलाव्यात बुरशी वाढते. मग अकरा-बाराच्या सुमाराला ऊन पडतं, वारा सुटतो, सगळं वाळतं. रोज असंच. बुरशीचे तंतू सालीला बारीक बारीक छिद्रं पाडतात, त्यातून मण्यातलं पाणी उडून जातं, आणि आत साखर, आम्ल, वास सगळं आटून येतं. दुपारचं ऊन नसेल आणि पाऊस लागून राहिला, तर तीच बुरशी करड्या लवेची नुसती कूज होते आणि पीक जातं. म्हणजे तुमची पहाटेची धास्ती इथेही आहेच, फक्त वेगळ्या टोकाची.

जात मुख्यतः सेमियों, पातळ सालीची, त्यामुळे बुरशीला सोपी. तिच्या जोडीला चौथा-पाचवा हिस्सा सोव्हिन्यों ब्लां, आंबटपणा आणि ताजेपणा यावा म्हणून.

दिकेम टेकडीवर आहे. जुनी गढी, कोपऱ्यांना बुरूज, आणि चारही बाजूंनी उतरत गेलेला मळा. वर खडेमाती, खाली चिकणमाती. पाणी साचू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी जमिनीखाली मातीच्या नळ्या घातल्या, त्यांची लांबी भरते शंभर किलोमीटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला गढीपेक्षा या न दिसणाऱ्या नळ्यांचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

तोडणी घडाची नाही, मण्यांची. सगळा घड एकदम तयार होत नाही, म्हणून हातात लहान कात्री घेऊन बाया आणि माणसं तेवढेच सुरकुतलेले मणी कापतात, बाकीचे ठेवतात. आठ-दहा दिवसांनी परत त्याच ओळीत. अशा पाच-सहा फेऱ्या, कधी त्याहून जास्त. सप्टेंबरअखेर सुरू झालेलं काम नोव्हेंबरपर्यंत चालतं.

शेजारच्या एका लहान मळ्यात मालकीणबाईंनी मला असा मणी चाखायला दिला होता. दिसायला जांभळट तपकिरी, वर राखेसारखी पूड, बोटाला चिकटणारा, मेलेल्या किड्यासारखा. तोंडात टाकायचं धाडस होईना. टाकला, तर आधी जर्दाळूचा मुरांबा, मग संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, आणि बुरशीचा म्हणून वास अजिबात नाही. बी थुंकायचं विसरून तशीच उभी राहिले होते.

---

गोदाकाठ (५ नोव्हेंबर, सकाळी ११.४५)

ताई, तुमचे उपकार. बायकोलाही वाचून दाखवलं. नदीचं थंड पाणी आणि गरम पाणी, हे आता डोक्यातून जाणार नाही.

उतारा किती येतो तिकडे?

---

तळघर (५ नोव्हेंबर, दुपारी १२.३०)

दिकेमचा हेक्टरी सरासरी ९०० लिटर वाइनच्या आसपास. म्हणजे एकरी साडेतीनशे-पावणेचारशे लिटर. बोर्दोच्या साध्या मळ्यात याच्या चार-पाच पट निघते. एका वेलीला एक ग्लास, असं तिथले लोक सांगतात आणि हिशेब करून बघितला तर तो बरोबर येतो.

---

गोदाकाठ (५ नोव्हेंबर, दुपारी १.०५)

एका वेलीला एक ग्लास! माझ्या एका वेलीवर मी तीस-पस्तीस घड ठेवतो, एकरी दहा टन माल धरतो. एवढ्याशा उताऱ्यावर मजुरी तरी कशी सुटते? आणि तीही सहा-सहा वेळा तोडणीची. आता किमतीचं थोडं थोडं कळायला लागलं.

---

स्पष्टवक्ता_६२ (५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०)

धागा वाचला. माहिती चांगली आहे, पण मला हे कौतुक पटत नाही. शेवटी ती दारूच आहे. त्यातून एका बाटलीला लाखो रुपये देणारे लोक चवीला देत नाहीत, नावाला देतात. २०११ साली १८११ ची एक दिकेम ७५ हजार पौंडांना विकली गेल्याचं वाचलं होतं. एवढ्या पैशांत गावात पाण्याची टाकी होईल. पन्नासाव्या वाढदिवसाला आईवडिलांना देवदर्शनाला न्या, नातवंडं गोळा करा. बाटली कशाला?

---

मधुरा_ठाणे (५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००)

काका, ताईंनी ती विकत घेतलेली नाही. वडिलांना मित्राने दिली आणि वडिलांनी तीस वर्षं जपली. मला तर वाटतं, नातवंडांना हीच गोष्ट सांगावी.

---

गोदाकाठ (५ नोव्हेंबर, रात्री ९.१५)

स्पष्टवक्ता काका, तुमचा मान राखून वेगळं बोलतो. मीही माळकरी घरातला, वाइन कधी चाखलेली नाही. पण मला यात दारू दिसत नाही, द्राक्षवाला दिसतो, स्वतःच्या मालाचा भाव स्वतः ठरवणारा. माझ्या बागेत व्यापारी येतो, घडाला हात लावतो, भाव तो बोलतो. चार वर्षांपूर्वी एकाने माल उचलला आणि पैसे बुडवून गेला, अजून तारखा चालू आहेत. कुणी द्राक्षाच्या जोरावर एवढा भाव घेत असेल, तर मला त्याचा अभिमानच वाटतो.

---

तळघर (५ नोव्हेंबर, रात्री १०.४०)

स्पष्टवक्ता, १८११ च्या बाटलीबाबत तुम्ही म्हणता ते बरोबर. ती किंमत चवीची नाही, दुर्मिळतेची आणि त्या सालच्या मोठ्या धूमकेतूचीही आहे. पण दिकेमचा बाणा बघायचा तर ज्या वर्षी वाइन काढलीच नाही, ती वर्षं बघा. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२. या दहा वर्षांत पीक मनासारखं आलं नाही, म्हणून दिकेम नावाची एकही बाटली बाजारात आली नाही. जे काही निघालं ते बिननावाने विकून टाकलं. चांगल्या वर्षी लाखभर बाटल्या निघतात, त्यावर सरळ पाणी सोडायचं. नावासाठी पैसे घेणारा माणूस नावासाठी पैसे सोडतोही, एवढंच म्हणायचंय.

---

गोदाकाठ (६ नोव्हेंबर, सकाळी ६.३०)

तळघर दादा, इथे मात्र मी काकांच्या बाजूला थोडा सरकतो. पीक सोडून द्यायला पाठीशी पैसा लागतो. मी वर्ष सोडीन म्हटलं तरी सोसायटीचं कर्ज मला सोडत नाही. २०१२ साली दिकेमच्या मागे कोण होतं?

---

बखरवाचक (६ नोव्हेंबर, दुपारी ३.५०)

गोदाकाठ, नेमका प्रश्न. २०१२ साली मागे होतं एलव्हीएमएच, म्हणजे लुई व्हितों वगैरे चालवणारा बर्नार आर्नो यांचा समूह. पण १९१० ते १९९२ पर्यंतची सोडलेली वर्षं एका कुटुंबाची आहेत, आणि त्या कुटुंबाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

१५९३ साली जाक सोव्हाज नावाच्या गृहस्थाकडे ही जमीन फ्रेंच राजाकडून कुळाच्या हक्काने आली. पूर्ण मालकी मिळायला १७११ उजाडलं. म्हणजे चार-पाच पिढ्यांनी मळा कसला तो दुसऱ्याच्या जमिनीवर. पुढे १७८५ साली या घराण्याची वारस फ्रांस्वाज-जोसेफीन हिचं लग्न लुई-आमेदे द लुर-सालूस याच्याशी झालं. ताईंच्या लेबलवरचं लुर-सालूस ते हे.

१७८७ च्या डिसेंबरात थॉमस जेफरसन यांची मागणी आली. ते तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत होते, राष्ट्राध्यक्ष पुढे झाले. त्यांनी १७८४ सालच्या अडीचशे बाटल्या मागवल्या. वाइन इतकी पसंत पडली की पुढे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही मागवली.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि लुई-आमेदे घोड्यावरून पडून वारले. जोसेफीन विशीतली विधवा, पदरात लेकरं, आणि वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती. उमराव घराण्यातली म्हणून तिला तुरुंगात टाकलं. तरी तिने मळा हातचा जाऊ दिला नाही. १८२६ साली तिने वाइनसाठी स्वतंत्र कोठार बांधलं, तेव्हा अशा कामावर पैसे घालणं धाडसाचं होतं. १८५१ मध्ये ती गेली, म्हणजे साठ वर्षांहून जास्त कारभार तिने बघितला. दिकेम जी काही आहे ती या बाईमुळे, असं माझं ठाम मत आहे. जेफरसनचं नाव सगळे घेतात, हिचं फार थोडे.

तिच्यानंतर चारच वर्षांनी, १८५५ साली, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची प्रतवारी लावली. त्यात तांबड्या वाइनमध्ये लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों पहिल्या प्रतीत. गोड पांढऱ्या वाइनमध्ये पहिल्या प्रतीच्याही वर एक खास पायरी केली, आणि तिच्यावर एकटी दिकेम. १८५९ मध्ये रशियाचे ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन यांनी १८४७ च्या चार पिंपांना वीस हजार सुवर्ण फ्रँक मोजले.

आता गोदाकाठांच्या मुद्द्यावर. १९६८ पासून काउंट आलेक्सांद्र द लुर-सालूस कारभारी होते. सुरुवातीलाच ७२ आणि ७४ ही दोन वर्षं त्यांनी सोडली, बाजार पडलेला असताना. तेव्हा मागे कोणताही समूह नव्हता. पण जमीन एक आणि हिस्सेदार अनेक. १९९६ मध्ये थोरले बंधू युजेन आणि इतर भाऊबंदांनी आपले हिस्से एलव्हीएमएचला विकले. आलेक्सांद्र कोर्टात गेले. तीन वर्षं वाद चालला, १९९९ मध्ये तडजोड झाली. नव्या मालकांच्या हाताखाली ते २००४ पर्यंत कारभार बघत राहिले, मग पिएर ल्युर्तों आले. आलेक्सांद्र आपल्या फार्ग या दुसऱ्या मळ्यावर गेले. तो मळा घराण्याकडे १४७२ पासून आहे. तिथे तसल्याच पद्धतीने वाइन करत राहिले, २०२३ साली वारले.

सातबाऱ्यावर बारा नावं असलेल्या आपल्या कुणालाही हे वाचून परकं वाटणार नाही.

---

रानवारा (६ नोव्हेंबर, दुपारी ४.०५)

भाऊबंदकी सोतेर्नलाही सुटली नाही तर. आमच्या आजोबांची विहीर आठवली, चार भाऊ आणि एक मोटर.

---

स्पष्टवक्ता_६२ (६ नोव्हेंबर, रात्री ८.१०)

बखरवाचक, त्या विधवेची हकीकत माहीत नव्हती. दारूबद्दल माझं मत तेच आहे, पण मेहनतीला नमस्कार.

---

शुद्धलेखनवाली (७ नोव्हेंबर, सकाळी १०.२०)

अवांतर: उच्चार दिकेम की डीक्वेम? बाबांना सांगायला बरं.

---

गारोनची_पाहुणी (७ नोव्हेंबर, दुपारी २.४०)

शातो दिकेम. शातो म्हणजे गढी, 'द' आणि 'इकेम' मिळून 'दिकेम'. इकेमचं पहिलं अक्षर वाय. वायला फ्रेंचमध्ये 'इग्रेक' म्हणतात, आणि त्याच नावाची एक कोरडी वाइन ते १९५९ पासून काढतात.

---

खमंग_काकू (७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०)

खाण्याचा प्रश्न मागेच राहिला की! गोड वाइन म्हणताय, पन्नासावा वाढदिवस, तर पुरणपोळीच हवी. वर साजूक तूप.

---

तळघर (७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०)

काकू, पुरणपोळी जरूर करा, पण जेवणात. वाइनच्या आधी नको. पुरण तिच्यापेक्षा गोड, मग ती नुसती आंबट लागेल. फ्रान्समध्ये हिच्याबरोबर निळ्या बुरशीचं खारट रोकफोर चीज खातात. खारट आणि स्निग्ध काहीतरी हवं.

---

खमंग_काकू (७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२५)

बुरशीच्या वाइनबरोबर बुरशीचं चीज! मग खारे काजू चालतील?

---

गारोनची_पाहुणी (७ नोव्हेंबर, रात्री ११.५०)

उत्तम चालतील. सोतेर्नच्या घरांत मी ही वाइन भाजलेल्या कोंबडीबरोबरही प्यायले आहे, गोड पदार्थाबरोबर क्वचितच. मी म्हणेन कोथिंबीर वडी करा. पाहुण्याला आवडलेली तीच होती ना? फक्त मिरची हलक्या हाताने.

---

निगडीकर_लेक (८ नोव्हेंबर, सकाळी ७.३०)

कोथिंबीर वडी! मला का सुचलं नाही. ठरलं.

बाबांना मधुमेह आहे, त्याचं काय?

---

डॉ_अनामिक (८ नोव्हेंबर, सकाळी ९.००)

लिटरला साधारण १३० ग्रॅम साखर धरा. ६० मिलीत आठ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवून आधी विचारा, आणि रिकाम्या पोटी देऊ नका.

---

पिंपळपार (९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५)

ज्यांना अशा चवीचा अंदाज घ्यायचाय त्यांनी नाशिकची लेट हार्वेस्ट शेनां ब्लां घ्यावी. सुलाची मिळते. किंमत परवडणारी.

---

तळघर (९ नोव्हेंबर, दुपारी १.००)

गोडीचा अंदाज येईल आणि ती मला आवडतेही. पण त्यात बुरशी नाही. तिथे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून गोड होऊ देतात.

---

गोदाकाठ (९ नोव्हेंबर, रात्री ८.४५)

बरोबर. आमची काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत, हवा कोरडी, नदीवर धुकं आलं तरी रोज नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आज दुपारी टाकीत फवारणीचं बोर्डो ढवळत होतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. वडील वापरायचे, मीही वापरतो. ढवळता ढवळता पहिल्यांदा डोक्यात आलं, हा बोर्डो म्हणजे ताईंचं बोर्दो तर नव्हे?

---

बखरवाचक (९ नोव्हेंबर, रात्री ९.३०)

तेच बोर्दो! अमेरिकेतून आलेल्या डावणीने १८८० च्या आसपास फ्रान्सचे मळे बसवले होते. बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांना १८८२ मध्ये मेदोक भागात दिसलं, की रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. येणारेजाणारे द्राक्षं चोरतात म्हणून मळेवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद-चुना शिंपडला होता. निळे डाग बघून कुणी हात लावत नसे. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले.

---

गोदाकाठ (१० नोव्हेंबर, सकाळी ६.१०)

चोर राखायला काढलेलं औषध! लहानपणी वडिलांचे हात संध्याकाळी निळे असायचे, आईने दिलेली भाकरीही ते कडेने धरून खायचे. त्या निळ्या रंगाचं गाव कोणतं ते आज कळलं. आणि तिथेच एक बुरशी मारायची विद्या निघाली, तिथेच दुसरीची वाट बघतात.

---

तळघर (१९ नोव्हेंबर, रात्री ९.००)

धागा वर काढतोय, २८ जवळ आली. ताई, उघडण्याबद्दल: दोन दिवस आधी बाटली उभी ठेवा, गाळ तळाला बसेल. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, फार थंड असली तर वास मिटून राहतो. बूच जुनं आहे, नेहमीचा पेचदार स्क्रू घालाल तर भुगा होईल. दोन पात्यांचा चिमट्यासारखा ओपनर मिळतो, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवून पिळत पिळत वर काढायचं. मी पिंपरीतच असतो, माझा देतो.

---

निगडीकर_लेक (१ डिसेंबर, रात्री १०.३०)

मंडळी, उघडली.

तळघर यांनी ओपनर घरी आणून दिला, दारातूनच परत निघाले होते, बाबांनी हात धरून आत बसवलं. बूच निम्म्यात तुटलं. खालचा तुकडा त्यांनी दहा मिनिटं घालवून काढला, तेवढ्यात घरात कुणी बोललं नाही. मग चहाच्या गाळणीवर मलमल टाकून काचेच्या जगात ओतली.

रंग मधासारखा, ग्लासात आल्यावर कोऱ्या चहापेक्षा खूपच उजळ. वास आधी जळक्या साखरेचा आला आणि मी घाबरले. पाचेक मिनिटांनी जर्दाळू, मग संत्र्याची साल, मग केशर. तळघर म्हणाले, उन्हाळ्यांनी तिला थकवलंय, ताजेपणा कमी झालाय, पण मोडलेली नाही. व्हिनेगर अजिबात नाही.

बाबांना त्यांच्या डॉक्टरांनी साठ मिलीची परवानगी दिली होती. पहिला घोट घेऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मोरावळ्याचा पाक. अजून आहे तोंडात.' खरंच, गिळल्यावर दोन-तीन मिनिटं चव रेंगाळत राहते. आईने आयुष्यात पहिल्यांदा चमचाभर घेतली. 'गुळांब्यासारखी लागते, पण शेवट आंबट आहे म्हणून बरी.' मग वडीचा तुकडा खाल्ला आणि परत चमचा पुढे केला. वडी आणि ही, एकमेकींसाठीच केल्यासारख्या लागतात. काकू, पुरणपोळी जेवणात झाली.

सडक्या द्राक्षांचं आईला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, 'मग दही काय असतं?'

थोडी उरलीय, फ्रीजच्या दारात आहे. बाबा रोज जेवणानंतर जग उघडून वास घेतात आणि परत झाकून ठेवतात.

आता एक शेवटचं. चिठ्ठीच्या मागे त्यांचा पत्ता आहे, लांगोंजवळचं गाव. फोन नंबर लागत नाही. बाबांना त्यांना कळवायचंय. पत्र लिहून ठेवलंय, रिकाम्या बाटलीचा आणि वड्यांच्या ताटाचा फोटो घातलाय. पण ते आता तिथे असतील का?

---

गारोनची_पाहुणी (२ डिसेंबर, पहाटे २.०५)

लांगों म्हणजे सोतेर्नपासून दहा-पंधरा मिनिटं. पत्ता आणि पत्राचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी मला तिकडे जायचंच आहे, दार वाजवून बघते. नसतील तर शेजाऱ्यांना विचारेन.

---

निगडीकर_लेक (२ डिसेंबर, सकाळी ६.५०)

व्यनि केलाय. आईने वडीची कृतीही परत लिहून दिलीय, त्यांच्याकडची हरवली असेल तर म्हणून.